तिसरं घुबड दिसता कामा नये

आधीच सांगून ठेवतो, हे रात्री घडलेलं नाही.

भर दुपारी घडलंय. बाहेर ऊन रणरणत असताना, दीड ते अडीचच्या मध्ये, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत.

आणि हे कुणा मित्राच्या मित्राचं नाही. माझ्या सख्ख्या चुलतबहिणीच्या बाबतीत घडलंय. तिनं मला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. सगळा वेळ हातातल्या कपाकडे बघत होती. चहा गार झाला, तरी कप सोडला नाही. थापा मारणारा माणूस समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलतो. ही खाली मान घालून बोलली. म्हणून मी विश्वास ठेवला.

तिला आपण ताईच म्हणू. मी तेच म्हणतो.

ताई कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होती. बारा माणसांचं ऑफिस, चौथ्या मजल्यावर. तिचं काम उजेडाचं. गेममधल्या खोलीत ऊन कुठून येईल, कंदील किती लांबवर उजळेल, रात्र किती काळी दिसेल, हे सगळं ती ठरवायची. ऑफिसात तिला सगळे ‘वीजमंडळ’ म्हणायचे.

त्या वर्षी एका मोठ्या गेमचं काम चाललं होतं. समुद्रातल्या खडकावरचं एक बंद पडलेलं दीपगृह. खेळणारा वर दिव्याच्या खोलीत अडकलेला. दिवा विझलेला. त्याला गोल जिन्यानं, अंधारात, अठ्ठेचाळीस पायऱ्या उतरून खालच्या लोखंडी दारापर्यंत यायचं. अख्खा गेम रात्रीचा. म्हणजे सगळा भार ताईवर.

आणि तिनं केलेला अंधार तपासायला होते काका. ऑफिसात सगळे त्यांना काकाच म्हणायचे.

काका आधी छापखान्यात होते. तीस वर्षं मुद्रितं तपासली. पानावर उलटा पडलेला स्वल्पविराम हातभर अंतरावरून पकडायचे, असं त्यांच्याबद्दल सांगायचे लोक. छापखाना बंद पडला आणि कुणाच्या तरी ओळखीनं ते इथे आले. गेम खेळायचा, चुका शोधायच्या, रिपोर्ट लिहायचा. साठीला टेकलेला माणूस, पण डोळ्यांत तेल घालून काम करायचा.

तपासणीसाठी ऑफिसात एक आतली खोली होती. खिडकी नाही, भिंतींना काळं कापड. तिला सगळे ‘गुहा’ म्हणायचे. बाहेर कितीही ऊन असो, गुहेत कायम मध्यरात्र.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

अंधाराचे गेम खेळणाऱ्यांना माहीत असेल. गेम सुरू व्हायच्या आधी एक काळं पान येतं. त्यावर तीन चित्रं. ह्या गेममध्ये तीन घुबडं होती. खाली ब्राइटनेसची पट्टी आणि एक सूचना... ‘पहिलं घुबड स्पष्ट दिसेल, दुसरं जेमतेम दिसेल आणि तिसरं दिसणार नाही, अशी पट्टी सरकवा.’

ही सूचना पाळतं कोण? लोक पट्टी खुशाल शेवटपर्यंत ढकलतात आणि खेळायला लागतात. ऑफिसातले सगळे तेच करायचे.

काका मात्र पाळायचे.

गुहेत जाऊन बसायचे. चष्मा पुसायचे. चष्म्याची डबी मिटायचे, टक. मग पट्टी केसाकेसानं सरकवायचे आणि स्वतःशीच पुटपुटायचे, “तिसरं घुबड दिसता कामा नये.”

मग बाहेर येऊन रिपोर्ट लिहायचे.

‘जिना दिसत नाही.’

‘भिंत कुठे आहे कळत नाही.’

‘पायरीचा काठ दिसत नाही. खेळणारा पडेल.’

ताई प्रत्येक रिपोर्टखाली एकच उत्तर द्यायची. ‘दोष नाही. मॉनिटर तपासा.’

तिला तर सगळं लख्ख दिसत होतं. तिच्या मॉनिटरवर पायऱ्यांवरचं शेवाळसुद्धा दिसायचं.

असे एकेचाळीस रिपोर्ट झाले. एकेचाळिसाव्यानंतर तिचं डोकं फिरलं. सोमवारच्या मिटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, ती म्हणाली, “काका, पट्टी सरकवून झाली असेल तर आता जरा चष्म्याचा नंबरही सरकवून घ्या.”

सगळे हसले.

काकाही हसले. चष्मा काढून पुसायला लागले. पुसलेलाच होता तो.

त्यानंतर आठ-दहा दिवसांची गोष्ट. ताई काहीतरी शोधत होती आणि चुकून तिच्या मॉनिटरवर ते घुबडांचं पान उघडलं. ते पान आधीच्या एका गेममधून जसंच्या तसं उचललेलं होतं, त्यामुळे तिनं ते कधी बघितलंच नव्हतं.

पट्टी अगदी तळाला होती. इतक्या खाली, की पहिलं घुबडही दिसायला नको.

आणि तरी... तिन्ही घुबडं दिसत होती.

तिसऱ्याची पिसं मोजता आली असती.

तिनं मॉनिटरचं सेटिंग उघडलं. दुकानात टीव्ही मांडताना ते कसे भडक लावून ठेवतात, लांबून गिऱ्हाइकाचं लक्ष जावं म्हणून, तसा तिचा मॉनिटर पहिल्या दिवसापासून होता. कुणी बदललंच नव्हतं. तिनं ते साध्यावर आणलं, पट्टी सूचनेत सांगितल्यासारखी लावली आणि जिन्याचा सीन लावला.

काळं.

नुसतं काळं. जिना नाही, भिंत नाही, पायरी नाही. अकरा महिन्यांचं काम, आणि त्यातलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

काका एकेचाळीस वेळा बरोबर होते.

तिनं काय केलं असेल? सेटिंग पुन्हा होतं तसं भडक केलं. आणि चहा प्यायला गेली.

“उद्या सांगते, असं रोज ठरवायचे रे,” ती मला म्हणाली. “मग वाटलं, आधी गुपचूप दुरुस्त करते. म्हणजे सांगावंच लागणार नाही.”

पण तीनच आठवड्यांत साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. म्हणाले, “काकांच्या नजरेचं काय वाटतं तुला? तूच सांग. एकेचाळीस वेळा त्यांना जे दिसलं नाही ते बाकी सगळ्यांना दिसतंय.”

हीच ती वेळ होती.

ताई म्हणाली, “वय झालंय त्यांचं.”

त्या महिन्याच्या शेवटी काकांची नोकरी गेली. जायच्या दिवशी ते तिच्या टेबलापाशी आले. हातात डबा, छत्री आणि चष्म्याची डबी. ताईला वाटलं, आता बोलतील काहीतरी. लागेल असं बोलले असते तर तिला चाललं असतं.

ते म्हणाले, “मॅडम, इतके दिवस तुम्हाला उगाच त्रास दिला. तुम्ही बरोबर होतात. मनात ठेवू नका.”

“अहो नाही, काका,” ताई म्हणाली.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना. तिला तसं झालं. पण धरणी काही दुभंगली नाही. ती खुर्चीवर बसून राहिली.

पाच महिन्यांनी बातमी आली, काका गेले. घराच्या जिन्यावरून पडले. एवढंच कळलं. ऑफिसात सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग पुन्हा कामाला लागले.

दुसऱ्या दिवसापासून ताई जिन्याचा सीन दुरुस्त करायला बसली. पण कुणाला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून सगळे खाली जेवायला गेले की ही लॅपटॉप घेऊन गुहेत जायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं. दार लावून घ्यायची, पट्टी नीट लावायची आणि एकेक पायरी उजळवत बसायची.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. म्हणजे झालं, पण तिनं मनावर घेतलं नाही.

तिच्या मागे आवाज झाला...

टक.

डबी मिटल्यासारखा. ती वळली. मागे काळं कापड. लाकूड वाजलं असेल, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिला घाई होती. तिनं पट्टी सरळ शेवटपर्यंत ढकलली. जिना दिसायला लागला. ती काम करायला लागली.

दोन मिनिटांनी पडदा अंधारला...

तिनं पट्टी बघितली. पट्टी खाली आली होती. दुसरं घुबड जेमतेम दिसेल, बरोब्बर तिथे.

तिनं पुन्हा वर ढकलली. आणि नजर पट्टीवरच ठेवली.

पट्टी सरकली. तिच्या डोळ्यांदेखत. एकदम नाही... केसाकेसानं.

ती त्या दिवशी न जेवता घरी गेली. पोटात दुखतंय, असं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी जायचं नाही असं ठरवूनही गेली. का गेलीस, असं मी विचारलं. म्हणाली, “सीन राहिला होता ना.” मला वाटतं, तेवढंच कारण नसावं. माणसाला शिक्षा हवी असते कधीकधी.

त्या दिवशी पट्टी हलली नाही. तिनं शेवटपर्यंत नेली तरी तिथेच राहिली. काळ्याचा राखाडी झाला. धुक्यातून बघावं तसा जिना उमटला. ती वरच्या खोलीपासून खाली बघत होती.

आणि पहिल्या पायरीवर... कोणीतरी उभं होतं.

ह्या गेममध्ये माणूसच नव्हता. खेळणाऱ्याचे नुसते हात दिसायचे. दुसरं कोणी बनवलेलंच नव्हतं.

तो पाठमोरा होता. डावा तळवा भिंतीला टेकवलेला. उजवा पाय पुढे करून तो पायरीचा काठ चाचपत होता. अगदी हळू. डोक्यामागे एक गाठ होती.

त्यानं चेहरा थोडा वळवला... डोळ्यांवर फडकं बांधलेलं होतं. चौकटीचं.

चप्पल घासली गेली. आणि कुणीतरी पुटपुटलं.

“एक.”

ताईनं लॅपटॉप धाडकन मिटला. गुहेतून बाहेर आली तेव्हा ऑफिसात लख्ख ऊन होतं आणि सगळे जेवून परतत होते.

आवाजाचं काम करणाऱ्या मुलाला सगळे ‘भोंगा’ म्हणायचे. ताईनं त्याला शक्य तितक्या सहज विचारलं, “जिन्यावर चपलेचा आवाज कधी टाकलास रे?”

“कोणती चप्पल?” भोंगा म्हणाला. “दीपगृहात मी अजून एकही आवाज टाकलेला नाही. तुझाच उजेड फायनल व्हायची वाट बघतोय, वीजमंडळ.”

त्या संध्याकाळी ताईनं साहेबांना सगळं सांगितलं. म्हणजे मॉनिटरचं. जिन्यावरच्या माणसाचं नाही.

साहेबांनी ऐकून घेतलं. बराच वेळ पेन टेबलावर आपटत बसले.

“आणखी कुणाला बोललीस?”

“नाही.”

“मग बोलू नकोस. सीन सुधारतीयेस ना? झालं तर. आता हे सांगून काका परत येणार आहेत का?”

“पण ते बरोबर होते, हे तरी...”

“कुणाला सांगणार? त्यांच्या बायकोला? त्या बाईला कशाला आणखी दुःख?”

ताई मूग गिळून बाहेर आली. दोन दिवस तिला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं सुट्टी काढली आणि काकांच्या घरी गेली.

तीन मजल्यांची जुनी इमारत. लिफ्ट नाही. काकांचं घर सगळ्यात वर. जिना चढताना तिला भिंतीवर डाग दिसले. खांद्याच्या उंचीवर, बोटांचे, मळकट. एकाशेजारी एक, पार वरपर्यंत. पोरांनी हात घासले असतील, असं तिला वाटलं.

काकूंनी दार उघडलं. बारीक चणीची बाई, केस सगळे पांढरे. “ऑफिसातली का गं तू? उजेडाचं काम करतेस ती? ये. हे तुझ्याबद्दल बोलायचे.”

ताई आत येऊन बसली.

काकू आपणहून बोलत होत्या. बऱ्याच दिवसांत कुणी ऐकणारं भेटलं नव्हतं बहुतेक.

“घरी बसल्यावर दोन डॉक्टरांना दाखवलं. दोघंही म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. ह्यांना पटेना. म्हणायचे, डॉक्टर पुस्तकातलं सांगतात. अख्ख्या ऑफिसाला जे दिसत होतं ते मला एकट्याला दिसत नव्हतं. वाचणं सोडलं. स्कूटर विकली. मग एक दिवस म्हणाले, दिसायचं बंद होणारच आहे, तर आत्तापासून सवय करून ठेवतो. तुझ्यावर भार नको.”

“सवय म्हणजे?” ताईनं विचारलं.

“डोळे बांधून चालायचे. आधी घरात. मग जिन्यावर. दुपारीच जायचे, कुणी बघून हसू नये म्हणून. मी जरा आडवी व्हायचे तेव्हा. भिंतीला हात लावून, पायऱ्या मोजत. माझं स्वयंपाकघरातलं फडकं असायचं, तेच बांधायचे.”

ताईनं कसंबसं विचारलं, “कसलं फडकं?”

“आहे की एक चौकटीचं. का गं?”

ताईनं पाणी मागितलं. काकूंनी पाणी आणून दिलं. ते प्यायल्यावर तिनं सांगितलं. भडक मॉनिटर, तिसरं घुबड, एकेचाळीस रिपोर्ट, मिटिंगमधला विनोद. ‘वय झालंय त्यांचं’ हेसुद्धा. काही लपवलं नाही.

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी एवढंच विचारलं, “म्हणजे ह्यांना दिसत होतं?”

“हो, काकू.”

“सगळं?”

“सगळं. तिथे दिसण्यासारखं काही नव्हतंच. ते एकटेच खरं बोलत होते.”

काकू खिडकीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे तू त्यांना सांगायचं होतंस गं.”

आवाज चढवला नाही. मूल चुकल्यावर आई बोलते तसं बोलल्या. ताई म्हणते, आयुष्यात तिला कुणी इतकं मारलं नाही.

ती निघाली तेव्हा काकू दाराशी आल्या. “ह्यांना जे दिसत नव्हतं ते मला बघायचंय. दाखवशील?”

नाही म्हणायला तोंड कुठे होतं? ताई हो म्हणाली. उतरताना तिनं भिंतीवरचे डाग पुन्हा बघितले. पहिल्या मजल्याच्या जरा वर ते संपत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लॅपटॉप घेऊन गेली. सीनची जुनी प्रत लावली, तिनं हात लावण्याआधीची. काकूंनी खिडक्यांचे पडदे ओढले. ताईनं घुबडांचं पान उघडून पट्टी नियमानं सरकवली, तिसरं घुबड पूर्ण नाहीसं होईपर्यंत. मग जिना लावला.

“काही दिसणार नाही, काकू. काळंच आहे.”

“थांब जरा. डोळे सरावू देत.”

दोघी बघत बसल्या. काळ्या पडद्यात दोघींचे चेहरे अंधुक दिसत होते. तेवढंच. घरात घड्याळाचा आवाज. खाली रस्त्यावर एक गाडी गेली.

मग काकू पुढे वाकल्या...

“आहेत की.”

“काय?”

“अगं, हे काय. इथे. भिंत धरून उभे आहेत.” काकूंनी पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “किती वाळलेत.”

ताईनं डोळे फाडून बघितलं. तिला काळं दिसत होतं. काळ्याशिवाय काही नाही. तिनं पट्टीला हात घातला, तर काकूंनी तिचा हात धरला. “नको. राहू दे असंच. त्यांना बरं वाटतंय.”

मग त्या पडद्याजवळ तोंड नेऊन, दार किंचित उघडून आतल्या माणसाला हाक मारावी तसं म्हणाल्या, “अहो... मी आहे. सावकाश या. घाई नाही.”

लॅपटॉपचा आवाज ताईनं आधीच बंद केला होता. हे तिनं मला तीनदा सांगितलं.

तरी... चप्पल घासली.

“हा माझ्याकडे राहू दे थोडे दिवस,” काकू म्हणाल्या.

ताईनं ठेवला. ऑफिसात सांगितलं की घरी विसरला. मग सांगितलं, दुरुस्तीला दिलाय. एक खोटं पचवायला दुसरं.

काकूंचे फोन यायला लागले. दोन-चार दिवसांनी एक. नेहमी दुपारीच. बोलायच्या अगदी साधं, घरातलं.

“आज सहा पायऱ्या उतरले. मध्ये दम लागला.”

“फडकं सोडा म्हणते, तर ऐकत नाहीत. जन्माचे हट्टी.”

“काल उतरलेच नाहीत. माझंच काहीतरी बोललेलं लागलं असेल.”

ताई नुसतं ‘हो काकू’ म्हणायची. म्हातारीला एकटेपणानं भास होतायत, असं तिनं स्वतःला सांगून बघितलं. पण तसं म्हटलं की मिटिंगमधलं हसू कानात वाजायचं. त्यांना दिसत नाही, असं म्हणणारी ती कोण?

पुढच्या महिन्यातल्या एका मंगळवारी, दोन वाजता फोन आला. काकूंचा श्वास लागला होता.

“खालपर्यंत आले गं. सगळा जिना उतरले. आता दारापाशी उभे आहेत. लोखंडी दार आहे, चाचपतायत. हे उघडायचं कसं? कोणतं बटण?”



बटण ताईला माहीत होतं. कीबोर्डवरचं एक साधं बटण. पण त्या दारापलीकडे काही बनवलेलंच नव्हतं. तिथे गेम संपत होता. पलीकडे ना समुद्र, ना खडक, ना आकाश.

“ऐकतेस ना?” काकू म्हणाल्या. “किती वेळ उभं करू त्यांना अंधारात?”

ताईनं सांगितलं.

फोनवर बटण दाबल्याचा आवाज आला. मग काही नाही...

मग लोखंड घासल्याचा आवाज आला. लांबलचक. आधी ताईला वाटलं तो लॅपटॉपमधून येतोय, आणि मग लक्षात आलं की आवाज घरभर घुमतोय.

मग काकू बोलल्या. पण ताईशी नाही.

“या. उंबरा आहे, जपून... चपला इथेच काढा.”

फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ताईच्या नावानं पार्सल आलं. आत लॅपटॉप, नीट कापडात गुंडाळलेला. वर चिठ्ठी, काकूंच्या अक्षरात. ‘आता लागणार नाही.’

ताईनं तो उघडलाच नाही. दुसऱ्या एका जुन्या मशीनवर उरलेल्या पायऱ्या उजळवल्या, काम पूर्ण करून दिलं आणि नोकरी सोडली. गेम बाजारात आला. लोकांना आवडला. विशेषतः उजेडाचं काम. कुणीतरी लिहिलं होतं, इतका सुरेख अंधार आजवर बघितला नाही. शेवटी सगळ्यांची नावं येतात त्यात काकांचं नव्हतं. ताईनं साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, राहून गेलं.

काकूंकडे ती एकदा गेली. खालपर्यंतच. वॉचमन म्हणाला, आजी बऱ्या आहेत, आताशा खुशीत असतात. दिवसभर पडदे ओढलेले असतात. दिवा लावत नाहीत. वाण्याकडून सामान मात्र पूर्वीसारखं दोघांचं मागवतात. ताईनं जिन्याकडे बघितलं. भिंतीवरचे डाग आता पार खालच्या पायरीपर्यंत आले होते.

ती वर गेली नाही. माघारी फिरली.

हे सगळं सांगून झाल्यावर तिनं गार चहाचा कप हातातच फिरवला. मग म्हणाली, “बोलायला हवं होतं तेव्हा मी तोंड उघडलं नाही. आणि त्या दिवशी फोनवर... तेव्हा उघडायला नको होतं की काय, तेही कळत नाही.”

काय आत आलं त्या दारातून, काकाच होते की दुसरं काही, हे तिला माहीत नाही. काकूंना विचारायचा तिला धीर नाही. विचारायचा हक्क नाही, असं ती म्हणते.

मी तिला एकच विचारलं होतं. ते बटण कोणतं?

तिनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. आणि सांगितलं नाही.